कापलेले चार गुण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्राला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, जरा लांबलं तर समजून घ्या. पण जानेवारी जवळ आलाय, शाळांमधून वक्तृत्व स्पर्धांचे फॉर्म फिरायला लागलेत आणि त्याच्या आत हे छापून यावं असं मनापासून वाटतंय.

मी लालबागची, मुंबईत मराठी शाळेत 27 वर्षं शिकवतेय. मागच्या जानेवारीत एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला आम्ही दोघं परीक्षक होतो. विषय होता 'माझं शहर'. बहुतेक मुलांनी पाठ केलेलं म्हटलं, सुरुवातीला एक सुविचार, मध्ये दोन चारोळ्या आणि शेवटी जय हिंद जय महाराष्ट्र, त्यांचा दोष नाही, आम्हीच तसं बसवून घेतो. मग कोळीवाड्यातली आठवीची एक मुलगी आली, हातात कागद नाही, माईकची उंची स्वतःच खाली केली आणि बोलायला लागली. तिची आजी पहाटे धक्क्यावर मावरं, म्हणजे मासळी, घ्यायला जाते तेव्हा शहर कसं दिसतं, बाजारात बसल्यावर आजीचा आवाज कसा वेगळा होतो, गिऱ्हाईकाशी वेगळा, शेजारणीशी वेगळा, पावसाळ्यात दोन महिने होड्या बंद असल्या की घरात सगळ्यांचा आवाज कसा हळू होतो. हॉलमध्ये शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प झाली होती. ती 'पानी' म्हणत होती, 'सकाली' म्हणत होती, 'आमी' म्हणत होती.

गुणपत्रिकेवर 'उच्चार' असा एक रकाना असतो, दहा गुणांचा. दुसऱ्या परीक्षकांनी त्यात तीन दिले. मी सहा दिले. तेव्हा मला वाटलं मी उदार झाले. निकाल लागला तेव्हा त्या मुलीचा तिसरा नंबर तीन गुणांनी हुकला होता, म्हणजे मी एकटीने जे चार गुण कापले ते कापले नसते तरी तिला बक्षीस होतं. तिला सर्टिफिकेट देताना दुसरे परीक्षक म्हणाले, बाळा विचार छान आहेत, जरा शुद्ध बोलायला शिक. तिने मान हलवली. मी काहीच बोलले नाही.

हे गेलं वर्षभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण ती मान मी ओळखते.

आमचं घर मूळचं मालवणकडचं. बाबा लालबागला मिलमध्ये होते, चाळीत अर्धी बिऱ्हाडं आमच्याच तालुक्यातली, त्यामुळे शाळेत जाईपर्यंत मला माहीतच नव्हतं की आपण बोलतो ती मालवणी आहे आणि मराठी म्हणून आणखी काही वेगळं असतं. 'माका नको' म्हटलं की वर्ग हसायचा. दुसरीत बाईंनी मला उभं करून तेच वाक्य दहा वेळा 'मला नको' असं म्हणायला लावलं होतं. पुढे डी.एड.ला गेले, तिथे तर पाठ घेताना तोंडातून चुकून 'कुठे'च्या जागी 'खंय' गेलं तर पाठाचे गुण जायचे. मी शिकले, फार चांगली शिकले, इतकी की लोक मला पुण्याच्या समजतात आणि कित्येक वर्षं मला ते ऐकून बरं वाटायचं. आईचा फोन स्टाफरूममध्ये आला तर मी बाहेर जिन्यात जाऊन बोलायचे.

आणि त्याच लहानपणातली दुसरी आठवण, गिरणी संपाच्या आधीची, म्हणजे 1982 च्या आधीची. बाबा मला दादरला शिवाजी मंदिरला नाटकाला घेऊन गेले होते, मच्छिंद्र कांबळींचं. स्टेजवरची माणसं चक्क आमच्या घरातल्यासारखी बोलत होती आणि अख्खं थिएटर, त्यात दादर-पार्ल्याचे पण लोक, टाळ्या वाजवत होते. मिलमध्ये साहेबासमोर बाबा मोजून शब्द बोलायचे, त्या रात्री परत येताना बसमध्ये ते मोठ्या आवाजात मालवणीत बोलत होते, कंडक्टरशी पण. बाबांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आता मुद्द्याची दुसरी बाजू, ती माझ्या गळ्यातली आहे. चार वर्षांपूर्वी माझा आवाज बसला तो उठेचना. आधी वाटलं सर्दी, मग खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचं दूध सगळं झालं, शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं तर स्वरयंत्राच्या पट्ट्यांवर दोन बारीक गाठी. शिक्षकांमध्ये, गायकांमध्ये, फेरीवाल्यांमध्ये हे खूप होतं. बायकांच्या या पट्ट्या नुसतं बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषांच्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. आता दिवसाला सहा तास, साठ मुलं, खिडकीबाहेर फ्लायओव्हर, माईक नाही, पाणी प्यायला सुद्धा वेळ नाही, असा हिशोब करा. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं, कुजबुजायचं पण नाही, कारण कुजबुजताना सुद्धा गळ्यावर ताण येतो, आणि सारखं खाकरायचं तर अजिबात नाही. माझ्या बाबतीत ऑपरेशन लागलं नाही, स्पीच थेरपीने भागलं.

त्या थेरपिस्ट मुलीने पहिल्या दिवशी मला एक परिच्छेद वाचायला दिला आणि रेकॉर्ड केलं. मग म्हणाली, आता तुम्ही आईशी बोलता तसं बोला. मला तिथे परक्या माणसासमोर मालवणीत बोलायला पाच मिनिटं लागली. 'आये, जेवलंस?' एवढंच म्हटलं. तिने दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवली. वाचताना माझा आवाज वर चढलेला, गळा आवळून काढलेला, आणि आईशी बोलतानाचा खाली, सैल, श्वासावर टेकलेला. दोन वेगळ्या बायका वाटत होत्या. ती म्हणाली, हा दुसरा तुमचा गळा आहे, हाच वर्गात न्यायचाय. इथे मला चुकीचं काही पसरवायचं नाहीये, प्रमाण मराठी बोलल्याने गाठी होतात असं डॉक्टर कुणी म्हणाले नाहीत आणि तसं नसतंच, माझ्या गाठी साठ मुलांमुळे आणि ओरडण्यामुळे झाल्या. पण 'बाईंचा आवाज' म्हणून मी जो चढवून घेतला होता तो त्याच दिवसांत चढवला होता ज्या दिवसांत मी घरचं बोलणं लपवत होते, हे माझं मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. पुढचे तीन महिने मी तिथे जात होते, जांभई देऊन आवाज सोडायचा, ओठांनी फुर्र करत सूर लावायचा, पोटातून श्वास घ्यायचा, हे सगळं साध्या साध्या व्यायामांतून. आज वर्गात मी खालच्या पट्टीत बोलते आणि पोरं आधीपेक्षा जास्त ऐकतात.

आवाज वेगळा आणि बोलणं वेगळं, हे मला आमच्या चाळीतल्या काकांनी शिकवलं. हे काका भजनाचे बुवा, गणपतीत डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, उभे राहिले की समोरच्या बुवाला घाम फोडायचे, पखवाज बाजूला ठेवून नुसत्या आवाजावर. तंबाखू होती. घशाचा कॅन्सर झाला आणि परळला स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. आता गळ्याला समोर भोक आहे, आत एक छोटा व्हॉल्व्ह बसवलाय, भोकावर बोट ठेवलं की छातीतली हवा त्या व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते आणि तिथला भाग थरथरून आवाज येतो. खरखरीत, एका सुरातला, त्यात चढउतार फारसा नाही. बुवांचा आवाज गेला म्हणून सगळी चाळ रडली होती. पण पहिल्यांदा त्यांनी बोट ठेवून तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं ते अस्सल मालवणी, काकीला म्हणाले, 'चाय खंय?' आवाज स्वरयंत्रातला होता तो गेला, पण बोलणं जिभेत, ओठांत, टाळूत असतं, तिथे त्यांची आई बसलेली आहे, तिथे गाव बसलेलं आहे. ते कुठल्याही ऑपरेशनमध्ये काढता येत नाही, पण वर्गात उभं करून दहा वेळा वाक्य म्हणायला लावलं की येतं काढता.

मला माहीत आहे लगेच काय उत्तर येईल, की मग प्रमाण भाषा शिकवायचीच नाही का. शिकवायची. मी रोज शिकवते. पाठ्यपुस्तक, अर्ज, बातम्या, कोर्ट, यासाठी सगळ्यांना कळेल अशी एक भाषा लागतेच, आणि ती कोळीवाड्यातल्या पोरीला आली नाही तर नुकसान तिचंच आहे. लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितलेली गोष्ट आहे, त्या नवीन होत्या तेव्हा लोकलमध्ये दिलीपकुमार भेटले आणि म्हणाले की मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं, पण त्यांनी उर्दूची शिकवणी लावली आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. लोक ही गोष्ट मला सांगतात आणि म्हणतात, बघा, टोचून बोलल्याने माणूस सुधारतो. मला त्यात दुसरंच दिसतं. उर्दू गाण्याला उर्दू उच्चार लागतात, ते कामाचं कसब आहे, ते शिकावंच लागतं. पण त्या मुलीचा विषय 'माझं शहर' होता. ती तिच्या घराबद्दल, तिच्या आजीबद्दल बोलत होती. तिथे तिच्याच घरातल्या उच्चाराचे गुण कापायचे म्हणजे काय?

आणि एक गोष्ट तर मला माझीच उलगडत नाही. बहिणाबाई चौधरींच्या कविता आम्ही सगळे शिकवतो. बाई निरक्षर, खानदेशातल्या शेतकरी, त्यांच्या बोलीत ळ चा य होतो, डोळ्याचा डोया होतो, त्या गेल्या 1951 साली आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकात आली, आचार्य अत्र्यांनी डोक्यावर घेतली. काव्यवाचन स्पर्धेत एखाद्या दादरच्या मुलीने त्यातली कविता हुबेहूब त्या हेलात म्हटली की आम्ही उच्चाराला दहापैकी नऊ देतो, मी स्वतः दिलेत. म्हणजे ळ चा य केला तर वा वा, पण तो पुस्तकात छापलेला पाहिजे. ळ चा ल जिच्या घरात होतो तिने तो घरीच ठेवून यायचं. बहिणाबाई आज आठवीत असत्या आणि आमच्या स्पर्धेला आल्या असत्या तर त्यांना मी सहाच दिले असते.

माझा एक जुना विद्यार्थी मालाडला कॉल सेंटरला आहे, रात्रपाळी. तिथे नाव वेगळं, हेल वेगळा, महिनाभर त्याचं ट्रेनिंग होतं, आता तर तो सांगतो की माणूस आपल्या हेलात बोलत असतानाच पलीकडच्याला परदेशी हेलात ऐकू येईल अशी सॉफ्टवेअर आली आहेत. नोकरी आहे, घर चालतं, त्याची काही तक्रार नाही. फक्त म्हणाला, सकाळी घरी येऊन आईशी बोलायला तोंड उघडलं की बाई, पहिली दोन-तीन वाक्यं ऑफिसचीच निघतात, आई थांबून बघते. दुसरीकडे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करायला मनाई केली, पुढच्या वर्षी आशा भोसल्यांच्या बाबतीत पण तसाच आदेश आला, म्हणजे माणसाचा आवाज ही त्याची ओळख आहे, त्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे कोर्टाने मान्य केलेलं आहे. एवढ्या मोठ्या कलाकारांचं आणि आठवीतल्या मुलीचं मोजमाप सारखं नसेल, पण गळा प्रत्येकाचा आपापलाच आहे ना.

माझ्या वर्गात नववीला एक मुलगा होता. बाकी पोरांचे आवाज फुटले, याचा तसाच बारीक राहिला. हजेरीला तो 'हजर' म्हणायचा नाही, नुसता हात वर करायचा, का ते मला चार महिन्यांनी कळलं, त्याने तोंड उघडलं की मागचा बाक त्याला काय म्हणायचा ते मी इथे लिहीत नाही. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, पट्ट्या लांब आणि जाड होतात, आवाज खाली येतो, पण काही मुलं नकळत जुनीच पट्टी धरून ठेवतात. याला स्पीच थेरपी आहे आणि बहुतेकांना थोड्याच बैठकांत फरक पडतो. त्याच्या आईला वाटत होतं हार्मोनचं काहीतरी मोठं आहे, त्या घाबरून कुठे दाखवतच नव्हत्या. मुंबईत नायर हॉस्पिटलला ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं कॉलेज आहे, वांद्रे रेक्लमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे 1983 पासून, हे पालकांना माहीतच नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय. तो मुलगा दीड महिन्यात खालच्या पट्टीत बोलायला लागला. आणि सगळ्यांचंच काही दुरुस्त करायचं नसतं, काहींचा आवाज जन्मतःच बारीक असतो, तो तसाच असू द्यावा, दुरुस्त करायचा असेल तर मागचा बाक करावा.

अडखळत बोलणाऱ्या मुलांचं पण तेच. त्यातली कित्येक प्रार्थना न अडखळता म्हणतात, गाणं सुरेल गातात, फक्त बोलताना शब्द अडतो. अशा मुलांना स्पर्धेत वेळेची घंटा वाजवू नका, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

2020 मध्ये मोबाइलवर शाळा सुरू झाली तेव्हा मी मुलांना सांगायचे की उत्तर रेकॉर्ड करून पाठवा. मेसेज आला की दोन मिनिटांत डिलीट. विचारलं तर एकच उत्तर, बाई माझा आवाज घाण येतो. मी त्यांना समजावून सांगितलं की आपण बोलतो तेव्हा आपल्याला आपला आवाज कवटीच्या हाडांतून पण ऐकू येतो म्हणून तो भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून येणारा असतो म्हणून परका वाटतो, हे सगळ्यांचं होतं, मोठमोठ्या गायकांचं पण होतं. मुलांना पटलं. पण काही मुली तरी पाठवायच्या नाहीत. त्यातल्या एकीने लिहून पाठवलं, बाई आवाज नाही, माझं बोलनं तसं आहे. 'बोलनं' असंच लिहिलं होतं.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना माझी विनंती आहे की गुणपत्रिकेतला 'उच्चार' हा रकाना काढा आणि तिथे 'स्पष्टता' लिहा. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला का, वाक्याचा शेवट गिळला का, श्वास कुठे घेतला, थांबली कुठे, हे बघा. न आणि ण बातम्या वाचायच्या स्पर्धेत जरूर बघा, स्वतःच्या घराबद्दल बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात बघू नका. जमलं तर एक फेरी अशी ठेवा की ज्यात मुलाने घरी बोलतो तसंच बोलायचं, मालवणी, आगरी, कोळी, अहिराणी, वऱ्हाडी, जे असेल ते. मुंबईतल्या एकेका वर्गात यातल्या तीन-चार बोली तरी बसलेल्या असतात. आणि महापालिकेला सांगणं आहे की मोठ्या वर्गांच्या शिक्षकांना कमरेला लावायचा छोटा माईक द्या, हजार-दीड हजारात येतो, माझा मी विकत घेतलाय. 16 एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो, त्या दिवशी शिक्षकांच्या घशाची तपासणी ठेवली तर माझ्यासारख्या किती सापडतील ते बघा.

यंदाच्या स्पर्धेला पण मला परीक्षक म्हणून बोलावलंय. मी आयोजकांना रकान्याबद्दल लेखी कळवलं, कमिटीत ठेवतो म्हणालेत. मागच्या आठवड्यात मी त्या मुलीच्या शाळेत जाऊन आले. तिच्या बाई म्हणाल्या, ती आता स्पर्धांना उभी राहात नाही, वर्गात पण वाचायला सांगितलं तर पुस्तक शेजारणीकडे सरकवते. मी तिच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की गेल्या वर्षी मी हिचे चार गुण कापले आणि ते मी चुकीचे कापले, हिचं भाषण त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं होतं. ती खाली बघत होती. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी आली आणि विचारलं, 'मग ह्या वर्षी पन तुमीच परीक्षक का?' मी हो म्हटलं. 'बगते,' म्हणाली आणि पळाली.

फॉर्म भरायची शेवटची तारीख येत्या शनिवारी आहे. कालपर्यंतच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

आपली,
एक शिक्षिका,
लालबाग, मुंबई